शालजोडी आणि नातीची बॅग

परवा नात आली होती. पुण्यात नोकरी करते, महिन्यातून एखाद्या रविवारी आजीकडे चक्कर असते. चहा घेता घेता म्हणाली, "आजी, त्या बॅगेचा नाद सोडला मी."

ही बॅग म्हणजे आमच्या घरातलं जुनं प्रकरण. पहिल्या पगारापासून ती एका परदेशी बॅगेसाठी पैसे साठवत होती. पैसे जमत आले की किंमत वाढायची. पुन्हा साठवायचे, पुन्हा वाढायची. "कंटाळा आला गं," म्हणाली. "पैशांचं नाही एवढं, पण आपल्याला कोणीतरी मूर्ख बनवतंय असं वाटायला लागलं."

खरं सांगते, मला आनंद झाला. दोघांच्या पगारात ताणून-ताणून संसार केलेल्या मास्तरीणबाईला दुसरं काय होणार! तिने मोबाइलवर आकडेही दाखवले. पॅरिसच्या शनेल कंपनीची झाकणाची मध्यम आकाराची बॅग मार्च २०२४ मध्ये दहा हजार युरोंच्या वर गेली. २०१९ च्या मानाने जवळजवळ दुप्पट. तेवढ्या वर्षांत कातडं दुप्पट महागलं नाही की शिवणाऱ्याचा पगार दुप्पट झाला नाही. आणि कंटाळलेली ही एकटीच नव्हे. बेन नावाच्या सल्लागार कंपनीने २०२४ च्या अखेरीस हिशेब मांडला, त्यात दोन वर्षांत अशा चैनीच्या वस्तूंची सुमारे पाच कोटी गिऱ्हाइकं कमी झाल्याचं म्हटलं आहे. "बरं झालं, अद्दल घडली पाहिजे," असं मी म्हणून गेले.

रात्री मात्र ते वाक्य मला टोचत राहिलं. तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला. गिऱ्हाइकं कंटाळली म्हणजे अद्दल नेमकी कोणाला घडते, याचं एक मोठं उदाहरण मला ठाऊक आहे. ते आहे काश्मिरी शालीचं.

तुम्ही म्हणाल, बॅग कुठे आणि शाल कुठे! पण आपल्याकडे 'शाल' या शब्दाची रया इतकी गेली आहे की ती एकेकाळी काय चीज होती, ते आधी सांगायला हवं. माझ्याच कपाटात सत्काराच्या सतरा शाली आहेत. निवृत्तीची, गणेशोत्सवातली, माजी विद्यार्थ्यांची... अंगाला टोचतात, त्यामुळे पांघरता येत नाहीत. मानाने दिलेल्या, त्यामुळे टाकवत नाहीत. एक पेटीवर घालते, धूळ बसू नये म्हणून. (देणाऱ्यांनी रागावू नये, पेटीही मानाचीच आहे.)

या मानाचं मूळ मात्र अस्सल आहे. 'शालजोडीतले देणे' हे आपण सहज बोलतो. मऊ, भारी वस्त्रात गुंडाळून जोडा हाणायचा, अपमान करायचा तो आदराच्या वेष्टणात. पण शालींची जोडी का? अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबर बादशहाच्या शालींच्या शौकाचं वर्णन आहे, आणि तो त्या दुहेरी पांघरू लागल्याची नोंदही. हाच तो दुशाला. काश्मीरची कानी शाल सुलट बाजूने चित्रासारखी दिसते, पण उलट बाजूला रंगीत धाग्यांची टोकं आणि गुंतागुंत असते. दोन शाली पाठीला पाठ लावून जोडल्या की ती उलट बाजू दिसतच नाही. दिसतं ते फक्त सुलट.

ती उलट बाजू आपण जरा उसवून पाहू.

लडाखकडच्या चांगथांगच्या पठारावर, कडाक्याच्या थंडीत राहणाऱ्या शेळ्यांच्या अंगावर लांब केसांखाली जी मऊ लव येते, ती म्हणजे पश्म. १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहात लडाख आणि तिबेट यांनी या लोकरीचा व्यापार कोणामार्फत व्हायचा, तेही ठरवून टाकलं होतं. इतकी ती मोलाची. श्रीनगरात बायका ती घरोघरी कातत. मग नक्षी काढणारा नक्काश, आणि ती नक्षी 'तालीम' नावाच्या एका सांकेतिक लिपीत उतरवणारा. कुठल्या रंगाचे किती धागे, हे त्या लिपीतून वाचून दाखवायचं आणि विणकरांनी छोट्या लाकडी कांड्यांनी धागा धागा भरायचा. एखादी भारी शाल एकाच मागावर घेतली तर दीड-दोन वर्षंही जात. म्हणून पुढे एकाच शालीचे तुकडे वेगवेगळ्या मागांवर विणून रफूगर ते बेमालूम जोडू लागले. विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा इंग्रज १८२२-२३ मध्ये काश्मिरात होता, त्याने हे सगळं बारकाईने लिहून ठेवलं आहे.

आणि यावर कर! अफगाण अमलात 'दाग-शाल' नावाचं खातंच निघालं. कापडावर सरकारी शिक्का, म्हणजे दाग, असल्याशिवाय शाल विकायची नाही, आणि शिक्क्याचे पैसे शालीच्या किमतीच्या जवळजवळ चौथाई. अफगाण गेले, १८१९ मध्ये शीख आले, १८४६ मध्ये डोगरे आले. खातं तेवढं कायम राहिलं. अमृतसरच्या ज्या तहाने इंग्रजांनी ७५ लाख रुपयांना काश्मीर गुलाबसिंगांच्या हवाली केलं, त्यात दरसालची खंडणी काय होती माहीत आहे? एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा उत्तम शेळ्या, सहा नर नि सहा माद्या, आणि तीन काश्मिरी शालजोड्या. मुलांना हे कलम सांगितलं की वर्ग हसायचा. मीही हसायचे.

तिकडे युरोपात शालीचं वेड शिरलं ते नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेनंतर. अधिकाऱ्यांनी बायकांसाठी शाली नेल्या. सम्राज्ञी जोसेफिनकडे तर शेकड्यांनी असल्याचं सांगतात. ग्रो या चित्रकाराने १८०८ च्या सुमारास काढलेल्या तिच्या चित्रात अंगावर शाल आहेच, पण झगासुद्धा शालीचाच आहे. सम्राज्ञीने नेसलं म्हटल्यावर किमतीला धरबंध कसला! मागणी चढत गेली, भाव चढत गेले.

भाव चढले की नक्कल आलीच. काश्मिरातच १८०३ च्या सुमारास विणकामाऐवजी सुईने नक्षी भरलेली 'अमली' शाल निघाली. तिला दाग-शालचा कर लागत नसे, त्यामुळे ती तिपटीने स्वस्त पडे. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये एडिंबरा, नॉरिच आणि मग पेझली. पेझलीत जकार्डचे यांत्रिक माग बसले आणि शाली भराभर निघू लागल्या. त्या गावाचं नाव नक्षीलाच चिकटलं. आपण जिला पिढ्यान् पिढ्या कोयरी म्हणतो, ती जगभर 'पेझली' झाली! १८४२ मध्ये व्हिक्टोरिया राणीनेही पेझलीच्या शाली घेतल्या. पुढे कापडावर नुसती नक्षी छापलेल्या शालीही निघाल्या. मालकीणबाईंच्या खांद्यावर जी कोयरी, तीच कामवालीच्याही खांद्यावर दिसायला लागली, आणि मालकीणबाईंचा रस संपला.

आता उलट बाजू. ही शाल एवढी महाग, तर विणकराला काय मिळत होतं? महिन्याला सात-आठ चिलकी रुपये, आणि त्यातले पाचएक करात जात असं सांगतात. काम सोडून जायची मुभा नव्हती. तरीही कित्येक जण रातोरात डोंगर ओलांडून अमृतसर-लुधियानाकडे पळाले. २९ एप्रिल १८६५ ला श्रीनगरच्या झालडगर भागात विणकर कराविरुद्ध जमले. सैन्य आलं. रेटारेटीत लोक पुलावरून दलदलीत ढकलले गेले आणि २८ जण मेले. शिकागोच्या कामगारांच्या आधी एकवीस वर्षं! आमच्या क्रमिक पुस्तकात शिकागो होतं, झालडगर नव्हतं. मलाही ते निवृत्तीनंतर वाचनालयात बसून कळलं.

इथे माझी एक आठवण सांगते. १९८४ च्या मे महिन्यात आम्ही काश्मीरला गेलो होतो, प्रवास-सवलत घेऊन, दोन मुलं आणि दशम्यांचा डबा बरोबर. श्रीनगरच्या एका दुकानात मी एक शाल हातात घेतली. बदामी रंग, काठाला बारीक कोयऱ्या. किंमत माझा पाच महिन्यांचा पगार. हे म्हणाले, "चल, ही लूट आहे." मीही चिडलेच होते. दुकानात एक म्हातारा भिंतीशी बसून रफू करत होता. त्याला ऐकू जाईल अशा बेताने मी म्हटलं, "चाचा, इतना तो हम कमाते भी नहीं." त्याने वर न बघताच सांगितलं, "बहनजी, हम भी नहीं."

तेव्हा मला ते गिऱ्हाइकाला गप्प करायचं उत्तर वाटलं होतं.

तर मूळ गोष्टीकडे येते. १८६० च्या दशकाच्या शेवटी युरोपातली फॅशन पालटत होती. झग्याला मागे फुगवटा आला, त्यावर भली मोठी शाल नीट बसेना. बाजारात कोयऱ्यांचा नुसता महापूर. आणि १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. श्रीनगरात तोवर फ्रेंच व्यापाऱ्यांचे दलाल ठाण मांडून होते, अर्ध्याअधिक विणकरांची चूल पॅरिसवर पेटत होती. वॉल्टर लॉरेन्सने १८९५ च्या आपल्या काश्मीरवरच्या पुस्तकात प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून ऐकलेलं लिहिलं आहे. त्या युद्धाच्या बातम्या विणकर जिवाचा कान करून ऐकत, आणि जर्मनांच्या विजयाची खबर आली की मोठमोठ्याने रडत. पॅरिस कुठे, श्रीनगर कुठे! ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही ती माणसं फ्रेंचांच्या पराभवासाठी रडत होती.

पॅरिसच्या बाईसाहेबांना अद्दल घडली नाही. त्यांनी दुसरं काहीतरी घेतलं. व्यापाऱ्यांनी दुसरा माल धरला. १८७७ ते ७९ च्या दुष्काळात खोऱ्यात माणसं अन्नावाचून मेली, आणि त्यात विणकरांचे हाल सगळ्यांत वाईट, कारण त्यांच्याकडे ना शेत ना गिऱ्हाईक. कानी विणणारे हात पुढे इतके थोडे उरले की ती कला जवळजवळ बुडालीच होती. नंतर कानिहामासारख्या गावांतून ती पुन्हा उभी राहिली. पेझलीचे मागही वाचले नाहीत, तेवढाच काय तो न्याय.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी बॅग घ्यायला हवी होती का?"

तसं मी कसं म्हणेन? २०२४ मध्येच मिलानच्या न्यायालयासमोर आलेल्या कागदपत्रांत एका नामांकित घराण्याच्या बॅगेचा हिशेब निघाला. दुकानात किंमत २६०० युरो. शिवून देणाऱ्या उपकंत्राटदाराला मिळत होते ५३. कातड्याचा खर्च वेगळा धरूनसुद्धा ५३! तिथे शिवणारे चिनी कामगार कारखान्यातच झोपत होते. किंमत दुप्पट झाली तेव्हा त्यांना काही मिळालं नाही. गिऱ्हाइकं कंटाळून गेली तर काम मात्र पहिलं त्यांचं जाणार. माझ्या "अद्दल घडली पाहिजे" या वाक्याचं काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही.

नातीने मग फोनवर काश्मिरी शाली पाहायला सुरुवात केली. २००८ मध्ये काश्मीरच्या पश्मिन्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, हाताने कातून हाताने विणलेल्या शालीवर तपासणीची खूणचिठ्ठी लावतात. कानी शालीची किंमत लाखाच्या पुढे. तिने डोळे मोठे केले. म्हणाली, "आजी, यातले कातणाऱ्या बाईला किती?"

मी वाचलं होतं ते सांगितलं. दहा धाग्यांच्या एका गाठीला एक रुपया, असा दर वर्षानुवर्षं चालत होता. आता काही ठिकाणी तो वाढवून देतात. बऱ्याच बायकांनी कातणं सोडलं ते याच दरापायी.

ती बराच वेळ फोन चाळत बसली. मग वाढवून देणारे कोण ते शोधून त्यांना निरोप पाठवला, की तुमच्याकडे साधी, बिननक्षीची शाल केवढ्याला पडेल, आणि त्यात कातणावळ किती. उत्तर अजून आलेलं नाही. जाताना माझ्या सतरातली एक सत्काराची शाल मात्र घेऊन गेली. स्कूटरवर घालायला हवी म्हणाली.