सरकारी पालकत्वातील मुले आणि शाळेचा वाढीव निधी

इंग्लंडमध्ये ज्या मुलांचा सांभाळ आईवडील करू शकत नाहीत, किंवा ज्यांना घरी ठेवणे धोक्याचे असते, त्यांची जबाबदारी स्थानिक प्रशासन घेते. त्यांतली बहुतेक मुले प्रतिपालक कुटुंबांत वाढतात, तर काही बालगृहांत किंवा नातेवाइकांकडे. या मुलांच्या शालेय शिक्षणासाठी २०१४ पासून ‘प्युपिल प्रीमियम प्लस’ हे वेगळे अनुदान दिले जाते. मात्र त्यांच्या अभ्यासाकडे लक्ष कोणी द्यायचे, हे ठरायलाच त्याआधी सहा दशके गेली होती.

एकोणिसाव्या शतकात निराधार मुले गरीब-कायद्याखाली येत. त्यांची रवानगी अनेकदा वर्कहाउसमध्ये, म्हणजे श्रमगृहात होई. तिथे दिवसाला किमान तीन तास वाचन, लेखन, अंकगणित आणि धर्मशिक्षण द्यावे, असा नियम होता. मुले लवकर कामाला लागावीत आणि त्यांचा भार करदात्यांवर राहू नये, एवढाच या शिक्षणाचा हेतू होता. पुढच्या शतकात, जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशायरमधील एका शेतावर प्रतिपालकांकडे ठेवलेला डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा मारहाणीने आणि उपासमारीने मरण पावला. या घटनेने देश हादरला. पुढच्या वर्षी मायरा कर्टिस यांच्या समितीचा अहवाल आला आणि १९४८ च्या बालक कायद्याने प्रत्येक स्थानिक प्रशासनात बालकल्याण समिती आणि अधिकारी नेमणे बंधनकारक झाले.

या कायद्याने निवारा आणि देखभालीची घडी बसवली. शाळा मात्र वेगळ्या खात्याकडे राहिल्या आणि १९७१ मध्ये समाजसेवा विभाग स्थापन झाल्यावरही ही विभागणी टिकली. अभ्यास ही शाळेची बाब, असे समाजसेवा अधिकारी धरून चालत. घरच्या अडचणी समाजसेवा खाते पाहील, अशी शिक्षकांची समजूत असे. प्रतिपालक घर बदलले की वर्षाच्या मध्येच शाळाही बदले. नव्या शाळेत प्रवेश मिळेपर्यंत मूल घरी बसे आणि आधी काय शिकून झाले, याची नोंद नव्या शिक्षकांपर्यंत पोचतच नसे.

सोनिया जॅक्सन यांनी १९८७ मध्ये या मुलांच्या शिक्षणावर लिहिलेल्या अभ्यासाने ही उपेक्षा उघड केली. १९९५ मध्ये शाळा-तपासणी आणि समाजसेवा-तपासणी यंत्रणांनी मिळून अहवाल काढला. २००० च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी दोन गोष्टी सुचवल्या : प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा आणि प्रत्येक शाळेत या मुलांची खास जबाबदारी असलेला एक शिक्षक. तरी निकाल बोलके होते. २००१-०२ मध्ये किमान वर्षभर सरकारी देखभालीत राहिलेल्या, शालान्त वर्गातील मुलांपैकी फक्त ८ टक्के मुलांना जीसीएसई या शालान्त परीक्षेच्या किमान पाच विषयांत चांगल्या श्रेणी मिळाल्या. सर्व मुलांमध्ये हे प्रमाण जवळपास ५० टक्के होते. २००४ च्या कायद्याने या मुलांची शैक्षणिक प्रगती साधणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले आणि शिक्षण व बालकल्याण या दोन्ही बाजू एकाच संचालकाच्या हाताखाली आणल्या.

२००६-०७ च्या ‘केअर मॅटर्स’ या धोरणपत्रांनी पुढची पावले टाकली. शाळाप्रवेशात या मुलांना पहिला हक्क मिळाला. अभ्यासात मागे पडण्याचा धोका असलेल्या मुलासाठी वर्षाला ५०० पौंडांचा भत्ता जाहीर झाला. अकरा स्थानिक प्रशासनांत ‘व्हर्च्युअल स्कूल’चा प्रयोग सुरू झाला. ही शाळा इमारतीत भरत नाही. वेगवेगळ्या शाळांत विखुरलेली मुले एकाच शाळेची आहेत असे मानून त्यांची हजेरी, प्रगती आणि अडचणी पाहणारा मुख्याध्यापक, असे तिचे स्वरूप आहे. पाठोपाठ २००८ च्या कायद्याने शाळेतील खास शिक्षकाचे पद बंधनकारक केले.

एप्रिल २०११ मध्ये आघाडी सरकारने ‘प्युपिल प्रीमियम’ सुरू केले. गरीब घरांतील, मोफत जेवणास पात्र मुलांसाठी ही योजना होती. सहा महिन्यांहून अधिक काळ सरकारी देखभालीत असलेल्या मुलांनाही तिच्यात घेतले. पहिल्या वर्षी दोन्ही गटांसाठी दर मुलामागे ४८८ पौंड हा एकच दर होता. मात्र घर तुटलेल्या मुलाची गरज केवळ गरिबीची नसते. म्हणून २०१४-१५ मध्ये या मुलांचा दर वेगळा करून १,९०० पौंड करण्यात आला. त्याच वर्षी माध्यमिक शाळेतील गरीब विद्यार्थ्यासाठी तो ९३५ पौंड होता. सहा महिन्यांची अट जाऊन देखभालीच्या पहिल्या दिवसापासून हक्क मिळाला. देखभालीतून दत्तक गेलेल्या किंवा न्यायालयाने कायम पालक नेमून दिलेल्या मुलांनाही योजनेत आणले. २०१४ च्याच कायद्याने व्हर्च्युअल स्कूलचा मुख्याध्यापक नेमणे सर्व स्थानिक प्रशासनांवर बंधनकारक झाले.

देखभालीत असलेल्या मुलांचे अनुदान या मुख्याध्यापकाच्या हाती येते. मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात काय ठरले आहे ते पाहून तो शाळेला पैसे देतो. वर्षअखेर उरलेली रक्कम केंद्राकडे परत जाते. एकेका मुलाची शिकवणी, समुपदेशन, वाचनासाठी मदत, मानसिक आघात ओळखण्याचे शिक्षकांचे प्रशिक्षण अशा कामांवर हे अनुदान खर्च होते. हा निधी म्हणजे मुलाचे वैयक्तिक खाते नव्हे. त्यामुळे काही भाग एकत्र ठेवून सर्वांसाठी वापरता येतो, आणि शाळेला किती द्यायचे व हाती किती राखायचे यावर मतभेदही होतात. दत्तक मुलांचा निधी मात्र थेट शाळेकडे जातो. त्यासाठी पालकांनी मुलाची पूर्वस्थिती शाळेला कळवावी लागते.

२०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या रीस सेंटर आणि ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की देखभालीत दीर्घकाळ राहिलेली मुले नव्याने आलेल्यांपेक्षा, तसेच घरीच राहून समाजसेवा खात्याची मदत घेणाऱ्या मुलांपेक्षा अभ्यासात बरी ठरतात. वारंवार घर व शाळा बदलणे मात्र त्यांना मागे खेचते. वाढीव निधीने शिकवणी मिळते, पण प्रतिपालक घर स्थिर राहणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे. २०१७ च्या कायद्याने पूर्वी देखभालीत असलेल्या मुलांबाबत सल्ला व माहिती देण्याची जबाबदारीही व्हर्च्युअल स्कूलच्या मुख्याध्यापकावर टाकली आणि सप्टेंबर २०१८ पासून ती लागू झाली. अनुदानाचा दर वाढत २०१८-१९ मध्ये २,३०० आणि २०२४-२५ मध्ये २,५७० पौंडांवर गेला. वेल्सने २०१२ पासून आणि स्कॉटलंडने २०१८ पासून अशा मुलांसाठी आपापले स्वतंत्र शैक्षणिक निधी चालवले आहेत.