संमिश्र तलवारीची पारख : हिंगोलीची छावणी आणि दख्खनची पाती

एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे निजामाच्या मुलखातील, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेचे एक प्रमुख ठाणे होते. १८५३ च्या तहानंतर या फौजेला हैदराबाद कंटिंजंट हे नाव मिळाले, १९०३ मध्ये ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. तरीही रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा व सदर बाजार ही वस्त्यांची नावे टिकून आहेत. अशा छावण्यांच्या परिसरातील जुन्या तलवारींची अस्सलता ठरवताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की, येथील घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते, म्हणजे घोडा आणि सरंजाम स्वाराने स्वतः उभा करायचा व त्यापोटी वाढीव पगार घ्यायचा. त्यामुळे एकाच रिसाल्यातील सर्व तलवारी एकाच साच्याच्या असाव्यात, अशी अपेक्षा धरता येत नाही.

याचा उत्तम पुरावा लुई नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घोडदळविषयक ग्रंथात सापडतो. निजामाच्या स्वारांच्या तलवारींनी केलेल्या भयंकर जखमांची हकिकत ऐकून त्याने त्या शस्त्रांचा शोध घेतला, तेव्हा ती पाती बहुतांशी इंग्रजी घोडदळाने टाकून दिलेली जुनी पाती असल्याचे निष्पन्न झाले. स्वारांनी त्यांना देशी मूठ बसवली होती, धार वस्तऱ्यासारखी लावली होती आणि ती बोथट होऊ नये म्हणून लोखंडी म्यानाऐवजी लाकडी म्यान वापरले होते. इंग्रजी पाते व देशी मूठ असलेली तलवार पाहून ती बनावट ठरवणारा पारखी येथे सपशेल चुकेल.

ही प्रथा इंग्रजांच्याही आधीची आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांमार्फत आलेली सरळ, लांब युरोपीय पाती देशी मुठीत बसवून फिरंग तयार होई. त्यांतील पुष्कळ पाती जर्मनीतील झोलिंगेन या शस्त्रनगरीची असत. धावत्या लांडग्याचा छाप मूळचा पासाव शहराचा. तो झोलिंगेनच्या कारागिरांनी उचलला, आणि नावाजलेल्या युरोपीय छापांची नक्कल पुढे हिंदुस्थानातही होऊ लागली. म्हणून केवळ छापावरून पात्याचे गाव ठरवता येत नाही. त्या काळच्या गिऱ्हाइकाला कोणता छाप भरवशाचा वाटत होता, एवढेच त्यावरून खात्रीने कळते.

याच झोलिंगेनमध्ये १९३३ नंतर हिटलरच्या युवक संघटनेसाठी मोठ्या संख्येने सुऱ्या तयार झाल्या, ज्यांना आज संग्राहकांच्या बाजारात मोठी मागणी असून ज्यांच्या नकलाही अमाप आहेत. तेथील कसोटी मात्र निराळी आहे. नाझी पक्षाच्या साहित्य-नियंत्रण कार्यालयाने कारखान्यांना क्रमांक दिले होते आणि पात्यावरील घोषवाक्य १९३८ मध्ये वगळण्यात आले होते. साहजिकच १९४० साल कोरलेल्या पात्यावर ते घोषवाक्य दिसले, तर संशय येतो. नियमाने घडवलेल्या वस्तूची पारख नियमाशी ताडून करता येते. दख्खनच्या तलवारीची पारख तिच्या जडणघडणीचा इतिहास वाचून करावी लागते.

तो इतिहास सांध्यात सर्वाधिक दिसतो. पात्याचा निमुळता शेवट पोकळ मुठीत घालून लाख-राळेच्या मिश्रणाने पक्का करीत. मूठ तापवली की पाते मोकळे होई, त्यामुळे पाते बदलणे हे शिकलगाराचे नित्याचे काम होते. जुनी लाख काळवंडून ठिसूळ होते, तर नवा रासायनिक डिंक लगेच ओळखू येतो. वारंवार धार लावलेल्या पात्याची रुंदी असमान घटलेली दिसते. मुठीच्या टोकाची चकती म्हणजे गादी आणि बोटांचे रक्षण करणारा वाक म्हणजे परज. या दोहोंवरील झीज हाताच्या पकडीशी जुळली पाहिजे. आम्ल लावून आणलेला गंज सर्वत्र सारखा पसरतो, परंतु काळाने आलेला गंज तेल-फडके न पोहोचणाऱ्या खाचांत अधिक साठतो. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांवर सोन्याची तार ठोकण्याच्या कामाला कोफ्तगिरी म्हणतात. त्या रेघा भिंगातून न दिसता नुसता मुलामाच आढळला, तर ते काम कोफ्तगिरीचे नव्हे.

सारांश, दोन अस्सल भाग गेल्या वर्षी जोडून जुन्या म्हणून विकलेली तलवार बनावट असते, आणि परक्या पात्याची पण छावणीच्या काळातच जोडलेली तलवार अस्सल असते. हा भेद करण्यासाठी वस्तूइतकीच तिची हकिकत मोलाची ठरते: ती कोणत्या घराण्यात होती, कोणत्या रिसाल्यातील स्वाराची होती, हे एकदा विस्मृतीत गेले की उत्तम तलवारही पुराव्याच्या दृष्टीने निम्मी होते. त्यामुळे जुनी तलवार घासूनपुसून चकचकीत करण्याआधी तिच्याविषयी घरात ठाऊक असलेले सर्व लिहून ठेवणे, हे पारखीच्या शास्त्रातील पहिले कर्तव्य ठरते.