नोंदींचे स्थलांतर : कुलाब्याच्या वहीपासून सर्व्हरपर्यंत

२ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य-एल१’ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी श्रीहरिकोट्याहून निघाले. बरोबर १६४ वर्षांपूर्वी, २ सप्टेंबर १८५९ रोजी, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील निरीक्षक सूर्यानेच उठवलेल्या एका विलक्षण भूचुंबकीय वादळाचे आकडे वहीत उतरवत होते. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरील तेजस्वी ज्वाला पाहिली होती आणि सुमारे साडेसतरा तासांनी तिचा परिणाम पृथ्वीवर जाणवला. युरोपातील काही वेधशाळांचे आलेख त्या दिवशी कागदाच्या कडेबाहेर गेले. कुलाब्याची नोंद मात्र शाबूत राहिली आणि आजही ती जगभर आधारभूत मानली जाते.

ती नोंद एकविसाव्या शतकातील संगणकापर्यंत पोचली ती अनेक घरे बदलून. या प्रवासाचा इतिहास आज मुद्दाम आठवण्याजोगा आहे, कारण दशकानुदशकांची निरीक्षणे जुन्या यंत्रणेवरून नव्या सर्व्हरवर हलवण्याचे काम देशातील अनेक संस्थांपुढे आहे. हे काम तंत्रज्ञांकडे सोपवून विसरण्याचे असते, असा समज रूढ आहे. कुलाब्याचा इतिहास वेगळेच सांगतो.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा स्थापन केली, ती बंदरातील जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी आणि खगोलीय वेधांसाठी. चुंबकीय निरीक्षणे १८४१ मध्ये सुरू झाली. १८५९ मध्ये स्वयंचलित नोंदणी नव्हती. टांगलेल्या चुंबकाची हालचाल निरीक्षक डोळ्यांनी वाचून लिहून काढत. एरवी वाचन तासातासाला होई. वादळ उठले की ते पंधरा किंवा पाच मिनिटांवर आणले जाई. छायाचित्रण-कागदावर अखंड आलेख उमटू लागले ते पुढे, १८७२ पासून.

या नोंदींचे पहिले मोठे स्थलांतर घडवले ट्रामने. घोड्यांनी ओढल्या जाणाऱ्या मुंबईच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले आणि वेधशाळेपुढे संकट उभे राहिले. विद्युत ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जातो. त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि आसपास स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. पृथ्वीच्या क्षेत्रातील सूक्ष्म बदल टिपणाऱ्या उपकरणाला हा गोंगाट सोसवणारा नव्हता. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी सुमारे तीस किलोमीटरवरचे अलिबाग निवडले. तेथील इमारत चुंबकीय गुण नसलेल्या पोरबंदरी दगडाची बांधली गेली. लोखंड कटाक्षाने टाळले गेले.

मूस यांचा खरा दूरदर्शीपणा दिसतो तो यापुढच्या निर्णयात. अलिबागला उपकरणे बसवून कुलाबा लगेच बंद करणे सोपे होते. तसे झाले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही वेधशाळा एकाच वेळी चालू ठेवण्यात आल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. तोवर तुलनेचे काम पुरे झाले होते.

या दोन वर्षांचे महत्त्व समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र आवश्यक आहे. कोणत्याही दोन ठिकाणी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तंतोतंत सारखे नसते. अक्षांश, भूगर्भातील खडक, उपकरणाची जडणघडण या सर्वांचा फरक पडतो. शिवाय गाभ्यातील हालचालींमुळे हे क्षेत्र वर्षानुवर्षे संथपणे बदलतही असते. एका जागेची नोंद आज संपली आणि दुसऱ्या जागेची उद्या सुरू झाली, तर मधल्या पायरीतील किती भाग जागेचा आणि किती भाग पृथ्वीचा, हे नंतर निश्चितपणे सांगता येत नाही. दोन्ही उपकरणे एकत्र चालली, तर शांत दिवसांत, वादळांत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्यांच्यातील फरक मोजता येतो. म्हणूनच कुलाबा-अलिबाग ही आज एकच सलग मालिका मानता येते. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणे आणि त्यांची चिकित्सा दोन खंडांत प्रसिद्ध केली.

पुढचे स्थलांतर कागदावरून संगणकाकडे झाले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष सिंग लाखिना, शोभना अलेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदी नव्याने मांडल्या. क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. तुलनेसाठी, १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे साठ लाख लोकांना नऊ तास अंधारात ठेवणाऱ्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला इतका होता. तीन वर्षांनी जॉर्ज सिस्को व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हा निर्देशांक तासाच्या सरासरीवर आधारलेला असतो. कुलाब्याच्या त्याच वाचनांची ताशी सरासरी घेतली तर आकडा सुमारे ८५० वर येतो.

एकाच वहीतून निघालेले दोन आकडे, एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही बरोबर आहेत. पहिला त्या क्षणाचा, दुसरा तासाच्या सरासरीचा. वीजवाहिन्यांचे जाळे आणि उपग्रह किती मोठ्या धक्क्यासाठी सज्ज ठेवायचे, याचा विचार अशा आकड्यांवर उभा असतो. ही चर्चा शक्य झाली, कारण प्रत्येक वाचन त्याच्या वेळेसह जसेच्या तसे जपले गेले. जागा वाचवण्यासाठी कोणी केवळ ताशी सरासरी पुढे नेली असती, तर १६०० चा आकडा कायमचा नाहीसा झाला असता. आजच्या अनेक निरीक्षण-यंत्रणा मात्र ठरावीक मुदतीनंतर मिनिटांची नोंद पुसून तिच्या जागी तासाची सरासरी आपोआप ठेवतात. सर्व्हर बदलताना ही मांडणी कोणी तपासली नाही, तर कुलाब्यात टळलेली हानी एका रात्रीत घडू शकते.

सर्व्हरच्या युगातील चुका दिसायला किरकोळ असतात. भूचुंबकीय माहितीच्या जुन्या ताशी स्वरूपात ‘नोंद नाही’ हे ९९९९ या आकड्याने दर्शवत. नंतरच्या स्वरूपात त्यासाठी ९९९९९ वापरतात. भारतीय हवामान विभागाच्या पावसाच्या जाळीबद्ध माहितीत हेच काम उणे ९९९ करतो. नव्या यंत्रणेला हा संकेत कळला नाही, तर रिकामी जागा मोजमाप म्हणून सरासरीत शिरते. आकडा फारच विचित्र असला तर चूक लगेच उघडी पडते. एखाद्या महिन्यात एकच जागा रिकामी असेल, तर सरासरी थोडीशी ढळते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

वेळेचा घोटाळा त्याहून फसवा. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली; कुलाब्याच्या जुन्या वहीतील वेळ मुंबईची स्थानिक आहे आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असते. वहीतील सकाळचे ११ प्रमाणवेळेने ११:३९ होतात. मिनिटामिनिटाला बदलणाऱ्या वादळात एवढा फरक दोन वेधशाळांची तुलना निरर्थक ठरवू शकतो.

पावसाचे उदाहरण महाराष्ट्राला अधिक जवळचे आहे. हवामान विभाग सकाळी ८:३० ला संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेखाली मांडतो. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस लोकांच्या स्मरणात २६ जुलै २००५ चा आहे. विभागाच्या तक्त्यात तो २७ जुलैचा ठरतो. मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या उपग्रहाच्या माहितीशी ही नोंद तारखेवरून जोडली, तर महापूर एका दिवसाने सरकतो. असे जोडणाऱ्या संगणकाला आपण चुकलो, हे कळण्याचा काही मार्ग नसतो.

म्हणून स्थलांतराची नेहमीची तपासणी अपुरी पडते. जुनी आणि नवी फाइल अक्षराअक्षराला सारखी आहे की नाही, हे संगणक क्षणार्धात सांगतो. त्यातील वेळ कोणती, आकडा क्षणाचा की तासाचा, एकक कोणते, उपकरण कधी बदलले, हे तो सांगू शकत नाही. ते फाइलबरोबर लिहूनच पाठवावे लागते.

तमिळनाडूतील कोडाईकनाल सौर वेधशाळेचा अनुभव आणखी एक धडा देतो. तेथे १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर व नंतर फिल्मवर घेतली गेली. कॅल्शियमच्या प्रकाशातील चित्रांचे एक जुने संगणकीकरण ८ बिटचे होते; त्यात उजेडाच्या २५६ छटाच मावतात. पुढे तीच चित्रे ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंच्या आणि १६ बिटच्या, म्हणजे ६५,५३६ छटांच्या स्वरूपात पुन्हा उतरवली गेली. मूळ पट्ट्या जपून ठेवल्या होत्या, म्हणूनच ही दुसरी संधी मिळाली. पहिल्या फेरीनंतर कोणी त्या अडगळ म्हणून काढून टाकल्या असत्या, तर सूर्याचे शतक २५६ छटांतच अडकून पडले असते.

मूळ सांभाळणे, जुने आणि नवे काही काळ शेजारी चालवून फरक मोजणे, आणि आकड्याचा अर्थ आकड्याबरोबर नेणे : या तीन गोष्टींना वेळ, जागा आणि पैसा लागतो, आणि त्यांतून कोणताही नवा शोध लगेच हाती येत नाही. अर्थसंकल्पात त्यांना पहिली कात्री लागते ती यामुळेच. मूस यांनी दोन वेधशाळांचा खर्च दोन वर्षे उचलायला लावला, तेव्हा १८५९ च्या वादळाची नोंद एकविसाव्या शतकात कोणी वाचेल, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

‘आदित्य-एल१’वरही एक चुंबकमापक आहे. त्याची निरीक्षणे आज बंगळुरूजवळील ब्यालालू येथील इस्रोच्या विदा केंद्रात साठत आहेत. हे यान थांबेल, आजचे सर्व्हरही भंगारात जातील आणि त्यावरील माहिती आणखी कितीतरी घरे बदलेल. पुढचे मोठे वादळ समजून घेणाऱ्याला ती वाचता येईल की नाही, हे प्रत्येक स्थलांतराच्या वेळी नव्याने ठरणार आहे.