जन्म न दिलेल्या आया आणि १८९७ चा प्लेग

१/ लोककथांतील सावत्र आई बहुधा दुष्टच असते. पोटच्या पोराला तूप-पोळी आणि सवतीच्या लेकराला शिळा तुकडा, हा तिचा न्याय. साताऱ्याच्या मातीतल्या एका घराण्याचा इतिहास मात्र वेगळी कथा सांगतो. त्या घरात सलग दोन पिढ्यांची मुले वाढवली ती जन्म न दिलेल्या स्त्रियांनी.

२/ फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण, तर सावित्रीबाईंचे माहेर नायगाव. दोन्ही गावे आजच्या सातारा जिल्ह्यातली. जोतीराव अगदी तान्हे असताना त्यांच्या मातोश्री चिमणाबाई वारल्या. त्यांना लहानाचे मोठे केले ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी.

३/ १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. संकटात सापडलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे व मुलाचा जीव वाचावा, हा हेतू. पुढे अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत.

४/ १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी यशवंताला वारस नेमले. तरीही २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन होताच, टिटवे धरण्याचा दत्तकाचा हक्क भाऊबंदांनी नाकारला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या.

५/ १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग प्रकटला व लवकरच पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. सक्तीच्या भयाने लोक रोगी दडवू लागले.

६/ सावित्रीबाईंनी लष्करात डॉक्टर असलेल्या यशवंताला बोलावून घेतले. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना उभा राहिला. ससाणे म्हणजे यशवंताची सासुरवाडी. भाऊबंदांनी नाकारलेला मुलगा तेथे वैद्य झाला, सोयऱ्यांची जमीन रुग्णालय झाली आणि सहासष्ट वर्षांची आई रोगी आणू लागली.

७/ प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ यांनी दाखवले ते १८९८ मध्ये. तोवर सामान्यांना एवढेच ठाऊक होते, की रोग्याजवळ जाणारा मरतो. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

८/ पुढे हीच साथ सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या भागांत पसरली. गावे ओस पडली. माणसे रानात झोपड्या बांधून राहिली. आई गमावलेली कितीतरी मुले मग आजी, चुलती, मावशी वा सावत्र आईच्या पदराखाली जगली. आपल्या घरातही ‘प्लेगच्या साली’ अशी सुरू होणारी एखादी हकीकत असेल, तर ती वडीलधाऱ्यांना विचारा आणि मुले सांभाळणाऱ्या त्या बाईचे नाव लिहून ठेवा.