शहराची वाट आणि गायरानाचा कागद

आपल्या भोकरहून मुंबईला जायचं तर पूर्वी छोट्या लाईनीच्या गाडीने मुदखेड, नांदेड करत मनमाड गाठायचे आणि तिथे गाडी बदलायची. आता सगळी मोठी लाईन झाली आहे. तेव्हाच्या हालात माणसं एवढ्या लांब कशाला गेली? निव्वळ पोटासाठी, हे उत्तर अपुरे आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर ठरवले. पुष्कळ सभासदांना ते रुचले नाही. आपल्या वडिलधाऱ्यांना मात्र त्यात नवीन काय वाटणार? गावात पाणी वरून ओंजळीत पडायचं. शहरात नळावर, हॉटेलात, लोकलमध्ये कोणी ओळखत नव्हतं, हेच लई मोठं सुख! शिक्षणाची ओढही तेवढीच. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढचे मिलिंद. मराठवाड्यातल्या गरिबाच्या पोराला कॉलेजचं दार त्यामुळे दिसलं.

मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडून भागेना, तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठ नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. आपल्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांचा खून झाला. त्या वेळी गाव सोडणाऱ्याला मजुरीचा दर विचारायची गरज नव्हती.

पण शहरही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. ज्या खात्यात पगार जास्त, नेमकं तिथेच दार बंद. पुढे १९८२ चा संप झाला आणि गिरण्याच बसत गेल्या. १९७४ ला वरळीच्या चाळींत दंगल झाली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात १० जण गेले. मोठ्या शहरात जात विचारत नाहीत म्हणतात; खोली भाड्याने घेताना आडनाव विचारतातच की.

आणखी एक नुकसान फारसे कोणी बोलत नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने गायरानावरची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचे ठरले, पण १४ एप्रिल १९९० पर्यंतचा कब्जा दाखवावा लागे. जो मुंबईत नाका-कामाला उभा होता, तो पंचनाम्याला कुठून येणार? ज्यांनी गावात मार खाऊन, पिकात जनावरं घातलेली सोसून ती जमीन धरली, त्यांनाच दावा सांगता आला. तोसुद्धा सगळ्यांचा मान्य झाला नाही. काहींच्या हातात अजून नुसत्या दंडाच्या पावत्या आहेत, आणि त्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत.