मयेचे तळे व काठावरचा गाव

डिचोली महालातील मये हे गाव आज गोमंतकात बहुतेकांना त्याच्या तळ्यामुळे ठाऊक आहे. चहूबाजूंनी हिरव्या टेकड्या, मध्ये संथ पाणी, काठावर पर्यटन महामंडळाने उभारलेली निवासस्थाने आणि बाग, आणि मुलांना पायांनी चालवता येतील अशा होड्या. सुटीच्या दिवशी सहकुटुंब जाऊन शिदोरी सोडावी असे हे स्थळ खरेच आहे. आम्हीही मुलांमाणसांसह तेथे गेलो होतो. २०१८ साली येथे उंच मनोऱ्यावरून दोरीला बांधून उडी घेण्याचा खेळ सुरू झाला. त्या साहसाची चर्चा मुलांना पुरली. आम्हां वडीलधाऱ्यांचे मन मात्र पाण्यापेक्षा काठावरच्या गावात अधिक रमले.

या परिसरातील देवतांचे एकमेकींशी नाते आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया या सख्ख्या बहिणी, असे लोक मानतात. म्हणून एका गावची जत्रा शेजारच्या गावालाही आपलीच वाटते. तळ्यावर येणाऱ्याने हे नाते ध्यानात घेतले नाही, तर त्याने केवळ पाणी पाहिले असे म्हणावे लागेल.

मयेपासून जवळच नार्वे हे गाव आहे. येथील श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान मांडवीपलीकडे दिवाडी बेटावर होते. गोव्याच्या कदंब राजांचे हे आराध्यदैवत. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते देवालय उद्ध्वस्त झाले आणि त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरचा माधव मंत्री याने त्याची पुनःस्थापना केली. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले. भक्तांनी लिंग गुप्तपणे नदीपार आणले, असे परंपरा सांगते. दिवाडीवर कोटितीर्थ ही जुनी पुष्करणी तेवढी राहिली. नार्व्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करण्याची आज्ञा शिवछत्रपतींनी १६६८ साली दिली. तसा शिलालेख देवळात आहे. अलीकडे शासनाने त्याची डागडुजी केली व २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा लोकार्पण झाले. गोकुळाष्टमीला येथील पंचगंगेच्या तीर्थावर स्नानासाठी भाविकांची रीघ लागते.

देवाला परक्या काठावर घर मिळाले. मयेच्या माणसांची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्यांना आपलेच गाव आपल्या नावावर करून घेण्यासाठी झगडावे लागले.

पोर्तुगीज राजवटीत मयेच्या फार मोठ्या भागाची मालकी एका पदवीधारी जमीनदार घराण्याकडे होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि मालक पोर्तुगालास निघून गेले. मागे राहिलेल्या जमिनीस स्थलांतरित मालमत्ता ठरवून १९६४ च्या कायद्यान्वये ती सरकारी व्यवस्थापकाच्या, म्हणजे कस्टोडियनच्या, ताब्यात देण्यात आली. व्यवस्था तात्पुरती म्हणून झाली, पण ती अर्धशतक चालली! त्याच १९६४ साली कुळांसाठी आणि १९७५ साली मुंडकारांसाठी गोव्यात कायदे झाले. इतर गावांत कूळ व मुंडकार भाटकाराच्या छायेतून हळूहळू बाहेर पडू लागले. मयेत मात्र भाटकार निघून गेला होता आणि त्याच्या जागी सरकार बसले होते. आजोबांनी कसलेली शेते नातवाने कसली, पण हक्काचा कागद हाती नाही. भाटकार समोर असला तर त्याच्याशी भांडता तरी येते. कचेरीतील फायलीशी भांडण्यास अंगी निराळीच चिकाटी लागते, आणि ती मयेकरांनी दाखविली. सभा झाल्या, अर्ज गेले, आंदोलने झाली. प्रत्येक निवडणुकीत हा प्रश्न निघे आणि निवडणूक सरली की पुन्हा दप्तरात जाई.

अखेर २०१४ साली विधानसभेने स्वतंत्र कायदा करून ही जुनी मालकी संपुष्टात आणली. त्यानंतरही सनदा लोकांच्या हाती पडण्यास काळ लागला आणि ते काम टप्प्याटप्प्याने चालले. सनद म्हणजे नुसता कागद नव्हे. ती हाती असली की गळके छप्पर काढून पक्के घर बांधता येते, भावाभावांत वाटणी करता येते, बँकेत कर्ज मागता येते आणि लेकीच्या लग्नात हे घर आमचे असे सांगता येते. ज्या घरांवरून आपण तळ्याकडे मोटारी नेतो, त्यांतील कित्येकांना एवढी साधी गोष्ट पन्नास वर्षे सांगता आली नव्हती.