शाप, मोदक आणि जळालेली पोथी



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्या गुरुजींच्या वर्गात मी बसलेला आहे. शनिवारी सकाळची शाळा असे. शेवटच्या तासाला गुरुजी पाठ्यपुस्तक मिटून ठेवीत आणि शापाने माणूस झालेल्या गणांची, पाण्यात लाजलेल्या राजाची आणि रक्ताने लिहिलेल्या पोथीची गोष्ट सांगत. ती त्यांची स्वतःची नाही, काश्मीरच्या सोमदेवभट्टाच्या 'कथासरित्सागरा'तली आहे, हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले. पुढे आयुष्यभर मराठी शिकवीत असताना ती कथा माझ्या मनातून गेली नाही. आज तिच्याकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पाहावे, असे योजिले आहे.

कथा अशी. पार्वतीने शंकराजवळ हट्ट धरला, की पूर्वी कोणीही ऐकली नसेल अशी गोष्ट मला सांगा. शंकराने दारे बंद करवून सात विद्याधर चक्रवर्तींची कथा सांगितली. पुष्पदंत नावाचा गण योगबळाने अदृश्य होऊन आत शिरला, त्याने ती चोरून ऐकली आणि घरी जाऊन बायकोला सांगितली. ही जया पार्वतीचीच द्वारपालिका. तिने ती मोठ्या उत्साहाने पार्वतीला ऐकवली! देवीचा संताप अनावर झाला. पुष्पदंताला तिने मर्त्यलोकी जन्म घेण्याचा शाप दिला, आणि त्याच्यासाठी रदबदली करायला आलेल्या माल्यवानालाही तोच. उःशाप मात्र विलक्षण आहे. विंध्यारण्यात कुबेराच्या शापाने पिशाच झालेला एक यक्ष काणभूती या नावाने राहतो. पुष्पदंताने त्याला ही कथा सांगावी, म्हणजे तो सुटेल. काणभूतीने ती माल्यवानाला सांगावी, म्हणजे काणभूती सुटेल. माल्यवानाने ती जगात पसरवावी, म्हणजे माल्यवान सुटेल.

परीकथांतले शाप बहुधा चुंबनाने, तपाने किंवा पराक्रमाने सुटतात. इथे तो सुटतो तो सांगण्याने आणि ऐकण्याने. आपल्या घरोघरच्या श्रावणातल्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. आदित्यराणूबाईच्या कहाणीत राजाच्या राणीने बापाची कहाणी ऐकायला नकार दिला आणि तिला दारिद्र्य आले. प्रधानाच्या राणीने ती ऐकली आणि तिचे घर भरले. कहाणी ऐकायला माणूस मिळावा म्हणून हातात मोती घेऊन वाटेवरच्या मोळीविक्याला थांबवणारी ती बाई आणि विंध्यातला काणभूती हे एकाच कुळातले आहेत, असे मला वाटत आले आहे.

माल्यवान पृथ्वीवर गुणाढ्य म्हणून जन्मला आणि प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा मंत्री झाला. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तोवर ते हैदराबाद राज्यातच होते, तेव्हा या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट परमुलखातली नव्हे. संगारेड्डीजवळच्या कोंडापूरला निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९४० ते १९४२ या काळात उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांची नाणी मोठ्या संख्येने निघाली. या घराण्याची पावले आपल्या अगदी उंबरठ्याशी उमटलेली आहेत.

आता तो प्रसिद्ध प्रसंग. वसंतात राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाणी अंगावर उडून दमलेल्या एका राणीने, पाण्याने मारू नका, असे संस्कृतात विनवले. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन तिच्या मुखातून शब्द उमटला 'मोदकैः'. राजाने तत्काळ मोदकांची ताटे मागवली. राणी हसली. पाण्यात मोदकांचे काय काम, आणि तुम्हांला एवढा साधा संधी कळू नये? परिवारही हसला. राजा ओशाळून महालात गेला आणि कोणाशी बोलेना. एक तर पांडित्य येईल नाहीतर मरण, असा त्याने निश्चय केला.

वर्गात आम्ही इथे पोट धरून हसत असू. आज मी हसत नाही, कारण मध्यंतरी सातवाहनांचे शिलालेख वाचले. नाणेघाटातला राणी नागनिकेचा लेख प्राकृतात आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा पराक्रम वर्णिते, तोही प्राकृतात. ज्या घराण्यातल्या राण्यांचा आवाज दगडावर आजही ऐकू येतो, त्या राण्या प्राकृत बोलतात. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' ही तर महाराष्ट्री प्राकृताचे भूषण. आणि इसवी सन ९०० च्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त एक ऐकीव गोष्ट नोंदवली आहे, की कुंतल देशी सातवाहन राजाने आपल्या अंतःपुरात केवळ प्राकृतच बोलावे असा नियम केला होता. म्हणजे एका परंपरेत या राजाच्या अंतःपुरात संस्कृतला मज्जाव आहे, तर दुसरीत त्याच अंतःपुरात संस्कृत येत नाही म्हणून राजाची फजिती होते.

यांतली कोणती खरी? माझ्या मते दुसरी कथा सातवाहनांच्या काळाविषयी फार थोडे सांगते. ती घडवणाऱ्यांच्या काळाविषयी मात्र पुष्कळ सांगते. राजाला संस्कृत यायलाच हवे, ते येत नसेल तर त्याने लाजेने तोंड लपवावे, हे ज्यांना स्वयंसिद्ध वाटत होते अशा लोकांनी ती रचली. प्राकृताच्या आश्रयदात्याला त्यांनी प्राकृताची लाज वाटायला लावली. भाषेची लाज ही अशीच मागाहून चिकटवली जाते, आणि चिकटली की जन्मजात वाटू लागते.

पुढे राजाला शिकवायचे कोणी, यावरून पैज लागली. व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही मी सोडीन, अशी प्रतिज्ञा गुणाढ्याने केली. शर्ववर्म्याने कार्तिकेयाच्या कृपेने 'कातंत्र' व्याकरण मिळवले आणि पैज जिंकली. 'कातंत्र' हा कल्पनेचा ग्रंथ नव्हे. पाणिनीपेक्षा सोपे असे हे व्याकरण बंगालात आणि काश्मिरात शतकानुशतके शिकवले गेले, त्याचे तिबेटी भाषांतरही झाले. त्याचे यश मान्य करूनही मला गुणाढ्याचाच विचार येतो. येत असलेल्या साऱ्या भाषा एका शब्दासरशी टाकून हा माणूस मुका होऊन अरण्यात निघाला. पार्वतीच्या शापापेक्षा मला हा शाप कठोर वाटतो, कारण तो त्याने स्वतःला दिला.

विंध्यात त्याला चौथी भाषा मिळाली ती पिशाचांची. तिच्यात काणभूतीकडून ऐकलेली कथा त्याने सात वर्षांत सात लाख श्लोकांत लिहिली. अरण्यात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी पोथी राजाकडे नेली. आता पंडित झालेल्या सातवाहनाने नाक मुरडले. भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची! गुणाढ्याने एका टेकडीवर अग्निकुंड केले आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो ते आगीत टाकू लागला. हरणे, रानडुकरे, रेडे चरणे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. इकडे राजाच्या ताटात नीरस मांस येऊ लागले आणि तो आजारी पडला. चौकशी आचाऱ्यांवरून व्याधांपर्यंत गेली, तेव्हा कारण कळले. राजा धावत आला तोवर सहा लाख जळाले होते. शिष्यांना आवडत असे म्हणून राखलेले नरवाहनदत्ताचे चरित्र, एक लाख श्लोक, तेवढे उरले.

ही पोथी खरोखर होती काय? 'बृहत्कथा' नावाचा ग्रंथ होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दंडी तिचा उल्लेख भूतभाषेतली अद्भुत रचना म्हणून करतो, सातव्या शतकात बाण तिची थोरवी जाणतो, आणि कंबोडियातल्या नवव्या शतकातल्या एका शिलालेखापर्यंत गुणाढ्याचे नाव पोहोचले होते. पैशाचीचे नियम प्राकृत वैयाकरणांनी दिले आहेत. बाराव्या शतकात हेमचंद्राने तिची थोडी उदाहरणेही दिली आहेत. ती भाषा कुठली, यावर विद्वानांत वाद झाला. ग्रिअर्सनने तिला वायव्येकडे नेले, तर कोनोने विंध्याच्या परिसरात ठेवले. मूळ ग्रंथ मात्र नाहीसा झाला. राहिली ती त्याची पुनःकथने. संघदासाची 'वसुदेवहिंडी' जैन प्राकृतात, बुधस्वामीचा 'श्लोकसंग्रह' नेपाळात सापडलेला, आणि अकराव्या शतकात काश्मिरात क्षेमेंद्र व सोमदेव. सहा लाख श्लोक गुणाढ्याने जाळले असे कथा म्हणते. उरलेला एक लाख कोणीही जाळला नाही. तो संस्कृतात आला, लोकांना रुचला, आणि मग मूळ पोथीची नक्कल करून ठेवण्याची गरजच कोणाला भासली नाही.

सोमदेव सांगतो, की मी मुळाला धरूनच चाललो आहे, विस्तार तेवढा आवरला आणि भाषा तेवढी बदलली. सुमारे बावीस हजार श्लोकांचा हा सागर. त्याची भाषा इतकी प्रसन्न, की निर्णयसागर छापखान्याची १८८९ ची आवृत्ती हाती घेतली की मी आजही वेळ विसरतो. पण ते 'तेवढी' मला खटकते. भाषा तेवढी बदलली! आपल्यातल्या किती घरांत आजी मराठीत गोष्ट सांगते आणि नातू तेलुगूत किंवा इंग्रजीत उत्तर देतो, हे मी आपणांस सांगायला नको. गोष्ट पोहोचते, नातवाला आवडतेही. आजीच्या बोलण्यातला 'गं' आणि 'रे' कुठे जातो, तो मात्र कोणी शोधत नाही.

सोमदेवाविषयी कठोर होण्यापूर्वी तो कोणासाठी लिहीत होता, तेही पाहायला हवे. काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यवती, जालंधरची राजकन्या. शास्त्रश्रवणात आणि पूजेत गढलेल्या तिच्या मनाला घटकाभर विरंगुळा मिळावा म्हणून हा ग्रंथ रचला, असे तो म्हणतो. या घरात काय चालले होते, ते कल्हणाने ११४८-४९ मध्ये लिहिलेल्या 'राजतरंगिणी'च्या सातव्या तरंगात आहे. राणीच्याच आग्रहावरून अनंताने १०६३ मध्ये पुत्र कलश याला राज्याभिषेक केला आणि लवकरच त्याचा पश्चात्ताप केला. पितापुत्रांचे वैर वाढत गेले. १०७९ मध्ये राजा-राणी श्रीनगर सोडून विजयेश्वराला, म्हणजे आजच्या बिजबेहाऱ्याला, जाऊन राहिले. पुत्राने तिथेही आग लावली. १०८१ मध्ये अनंताने आत्मघात केला आणि सूर्यवतीने अग्निप्रवेश केला.

'कथासरित्सागर' याच अठरा वर्षांत कधीतरी रचला गेला. त्यात वत्सराज उदयन अखेरीस राण्यांसह कालंजर पर्वतावरून देह टाकतो, आणि त्याचा पुत्र नरवाहनदत्त ते कळल्यावर शोक करतो. सूर्यवतीने तो भाग कोणत्या मनाने ऐकला असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. कथेतल्या राणीला पुत्रशोक नाही, पुत्राचे वैरही नाही. ऐकणाऱ्या राणीच्या दैवात दुसरेच होते. पिशाचांच्या भाषेतून तिच्या भाषेत आणलेली ती कथा तिला खरोखर विसावा देऊन गेली असेल, तर मूळ पोथी हरवल्याचा माझा राग थोडा निवळतो. पुरता निवळत नाही.

पैठणाविषयी आणखी एक सांगायचे राहिले. गुणाढ्य जिथून भाषा टाकून निघाला असे कथा म्हणते, त्याच गावच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणला. तो ग्रंथ काशीला पुरा झाला. तिथल्या पंडितांनी प्रथम हरकत घेतली, असे परंपरा सांगते. ती पोथी मात्र कोणी जाळली नाही. ती आजही घरोघर वाचली जाते.

शनिवारच्या त्या तासाला आमच्यातल्या एकाने विचारले होते, की गुरुजी, जळलेल्या सहा लाख श्लोकांत काय होते? गुरुजींनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "ते हरणांना ठाऊक." तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली.